बार, सभागृह आणि न्यायासन : वर्ध्यातून दिसलेले नागपूरचे न्यायपीठ

नागपूरचे उच्च न्यायालय जानेवारी १९३६ मध्ये अस्तित्वात आले. त्याला आता नव्वद वर्षे झाली. या काळात त्याचे नाव बदलले, राज्य दोनदा बदलले, अधिकारक्षेत्राच्या सीमा सरकल्या. पण वर्धा जिल्ह्यातला माणूस अपिलासाठी जी वाट धरत आला ती बदलली नाही. आर्वी, हिंगणघाट किंवा वर्धा इथल्या कोर्टात हरलेला पक्षकार कागदांचे गाठोडे घेऊन नागपूरलाच गेला. संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती, तारखा आणि मुख्य न्यायाधीशांची नामावळी देऊन मोकळे होण्याची रीत आहे. ती इथे पुरेशी पाळली जाणार नाही. कारण या न्यायपीठाच्या इतिहासात एक गोष्ट वेगळी आहे आणि ती नामावळीत दिसत नाही. मुंबई इलाख्यात वकील, कायदेमंडळाचा सभासद आणि न्यायाधीश या तीन भूमिका एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन गेल्याची ठळक उदाहरणे आहेत. वऱ्हाड-नागपुराकडे त्या तिन्ही सहसा एका माणसात मावल्या नाहीत. त्या घरात वाटल्या गेल्या. वडील सभागृहात, मुलगा न्यायासनावर. असे का झाले आणि त्याने या न्यायपीठाला काय दिले, हा या लेखाचा विषय आहे.

१८६१ ते १९१९ : अर्धी शिडी

मध्यप्रांत १८६१ मध्ये झाला आणि त्याच्या न्यायव्यवस्थेच्या शिरोभागी ज्युडिशियल कमिशनर बसवण्यात आला. पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. वर्धा शहर तर १८६६ पासूनचे. म्हणजे आपला जिल्हा आणि आपले वरचे न्यायालय जवळजवळ एकाच वयाचे. पण त्या न्यायालयाला उच्च न्यायालय म्हणत नसत आणि ते तसे नव्हतेही. जिल्ह्यात डेप्युटी कमिशनरच सारा वसूल करी, तोच दंडाधिकारी असे आणि सुरुवातीच्या काळात दिवाणी दावेही त्याच्याच पुढे चालत. वरच्या खुर्च्यांवर बहुधा सनदी नोकर. वर्ध्याच्या किंवा आर्वीच्या वकिलाने कितीही नाव कमावले, तरी त्याची मजल साहेबापुढे उभे राहून युक्तिवाद करण्यापर्यंतच.

मुंबईशी तुलना केली की फरक कळतो. तिथे उच्च न्यायालय १८६२ पासून होते आणि कायदेमंडळही होते. काशिनाथ त्रिंबक तेलंगांनी १८७२ मध्ये वकिली सुरू केली, १८८४ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले, १८८९ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. एवढ्याशा आयुष्यात तिन्ही पायऱ्या. नारायण गणेश चंदावरकर १८९७ मध्ये कायदेमंडळात गेले, १९०० मध्ये लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि लगेच १९०१ मध्ये न्यायमूर्ती. आज एखाद्या पक्षाचा अध्यक्ष पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयात बसला तर केवढा गहजब होईल! चंदावरकर तर न्यायासनावरून उतरल्यावर १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. वर्तुळ पुरे केले म्हणायचे.

मध्यप्रांतात मात्र कायदेमंडळाची पहिली बैठक भरली ती १९१४ च्या ऑगस्टमध्ये. तोवर इथल्या वकिलाला कायदे करण्याच्या कामात भाग घ्यायचा तर थेट व्हाइसरॉयच्या मंडळापर्यंत पोचावे लागे आणि तिथवर रघुनाथ नरसिंह मुधोळकरांसारखे एखाददुसरेच पोचले. अमरावतीचे हे वकील १९१२ मध्ये बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्षही होते. तेलंग-चंदावरकरांच्या तोडीचा हा माणूस न्यायासनावर का बसला नाही, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात किंवा योग्यतेत शोधण्याची गरज नाही. बसायला आसनच नव्हते. शिडीची दुसरी पायरी १९१४ मध्ये आली, तिसरी १९३६ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत जे घडले, त्याने शिडीवर चढणारी माणसेच दुसरीकडे वळवली.

१९२० चे दशक : कोर्टातून बाहेर

सप्टेंबर १९२० मध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला आणि डिसेंबरात नागपूर काँग्रेसने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यात पदव्या, शाळा-कॉलेजे, कायदेमंडळे आणि न्यायालये या सगळ्यांवर बहिष्कार होता. म्हणजे वकिलाला वर नेणाऱ्या दोन्ही वाटा एकाच ठरावाने बंद केल्या. नागपूर अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष वर्ध्याचे जमनालाल बजाज होते. त्यांनी रायबहादुरकी परत केली, ऑनररी मॅजिस्ट्रेटचे पद सोडले आणि टिळक स्वराज्य फंडाला एक लाख रुपये दिले. हे पैसे होते वकिली सोडणाऱ्यांच्या संसारासाठी. ही तरतूद बारकाईने पाहण्यासारखी आहे. वकिलाने सनद गुंडाळून ठेवली तर घर कसे चालेल हा प्रश्न कुणीतरी हिशेबाच्या भाषेत सोडवत होते. त्यागाची भाषणे करणारे पुष्कळ. त्यागाची तजवीज करणारा व्यापारी वर्ध्याचा निघाला. वर्ध्यातच वकिली करणारे श्रीकृष्णदास जाजू बाहेर पडले ते कायमचे. शिक्षा मंडळाच्या उभारणीत ते आधीपासून जमनालालजींबरोबर होते, पुढे चरखा संघाचा कारभार त्यांनी वाहिला. कायद्याचा जाणकार सुताचे नंबर आणि कत्तिणींची मजुरी यांचे हिशेब ठेवू लागला.

यावर एक रास्त आक्षेप येतो. बहिष्कार फार काळ टिकला नाही. १९२३ मध्ये स्वराज्य पक्षाचे वकील मध्यप्रांताच्या कायदेमंडळात बहुमताने निवडून आले, मग वाट बंद झाली असे कसे म्हणता येईल? निवडून आले हे खरे, पण ते मंत्रिमंडळ चालू न देण्यासाठी. सरकारची कोंडी करणाऱ्या सभासदाला तेच सरकार न्यायाधीश करील, ही अपेक्षा कुणी केली नसेल. अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे १९२५ मध्ये कायदेमंडळाचे अध्यक्ष असताना गृहखात्याचे सभासद झाले, तेव्हा पक्षात जे वादळ उठले त्याच्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. इथे नोंदवायचे ते एवढेच की सभागृहातून सरकारी आसनाकडे जाणे मुंबईत १९०१ मध्ये सन्मानाचे वाटले होते, ते नागपुरात १९२५ मध्ये शंकेचे झाले. ती शंका इथल्या सार्वजनिक जीवनात मुरली. न्यायाधीश व्हायचे त्याने सभागृहाच्या दारात जाऊ नये, असा अलिखित संकेत पडला तो या काळात.

१९३० चे दशक : स्थापना

जॉर्ज पंचम यांच्या सनदेने नागपूरचे उच्च न्यायालय १९३६ च्या आरंभी स्थापन झाले. सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायाधीश. नागपूरच्या बारमधून आलेले भवानीशंकर नियोगी आरंभीच्या न्यायमूर्तींपैकी होते, म्हणजे या मातीतल्या वकिलाला तिसरी पायरी अखेर मोकळी झाली. हेन्री मेड यांनी आखलेली इमारत १९४० च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते खुली झाली. घुमटाची ती दगडी इमारत आजही पहिल्यांदा नागपूरला जाणाऱ्या पक्षकाराची मान वर करते. अर्थात संस्था दगडावर उभी राहत नाही. तिला आकार दिला तो रजिस्ट्रीतल्या कारकुनांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून रेकॉर्ड पाठवणाऱ्या शिरस्तेदारांनी, भाषांतरकारांनी, समन्स घेऊन उन्हातान्हात गावोगाव फिरणाऱ्या बेलिफांनी, वकिलांच्या मुनशींनी. त्यांची नावे कोणत्याही संगमरवरी पाटीवर नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख इथे एकत्रच करावा लागतो.

त्याच १९३६ च्या एप्रिलमध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. ते पुढे सेवाग्राम झाले. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या अंतरात दोन न्यायपीठे एका वर्षात उभी राहिली असे म्हणण्याचा मोह होतो, पण उपमा आवरती घ्यावी. सेवाग्रामकडे अपील घेऊन लोक येत होते, हे मात्र खरे. सेवाग्रामचे रहिवासी स्वतः बॅरिस्टर होते आणि वकिलीचा मोठेपणा पक्षकारांची तडजोड घडवण्यात आहे, असे त्यांचे मत. शेगावच्या आदल्याच वर्षी दादा धर्माधिकारी वर्ध्याला आले होते. शंकर त्र्यंबक धर्माधिकारी हे त्यांचे पूर्ण नाव. १९२० च्या हाकेसरशी कॉलेज सोडलेला हा माणूस; गांधी सेवा संघाच्या कामात आणि ‘सर्वोदय’ मासिकाच्या संपादनात गुंतला. वर्ध्यात जमनालालजींच्या बजाजवाडीतल्या वातावरणात त्यांचा मुलगा वाढत होता. चंद्रशेखर त्याचे नाव, जन्म २० नोव्हेंबर १९२७, रायपूर.

१९४० चे दशक : आष्टी, आणि घटना समिती

१६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली. आष्टी आणि चिमूर या दोन गावांची नावे तेव्हापासून जोडीने घेतली जातात. खटले झाले, फाशीच्या शिक्षा झाल्या. देशभर खटपट होऊन अखेर १९४५ मध्ये त्या जन्मठेपेवर आल्या. वर्ध्याच्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे काय हे कळले ते या दिवसांत, आणि फार सुखाने कळले असे नाही. परंतु त्याच काळात, युद्धकालीन कायद्याखाली डांबलेल्यांच्या अर्जांवर न्या. व्हिव्हियन बोस यांनी असे सांगितले की हेबिअस कॉर्पसचा अर्ज ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार सहजासहजी काढून घेता येत नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच सुमारास लिव्हर्सिज खटल्यात सरकारच्या शब्दापुढे मान तुकवली होती. परक्या राज्यातल्या न्यायाधीशाने नागपुरात धरलेली ही रेघ पुढे तेहतीस वर्षांनी कामी यायची होती.

घटना समितीवर मध्यप्रांत-वऱ्हाडातून जी माणसे गेली त्यांत दादा धर्माधिकारी होते, सेवाग्रामच्या राजकुमारी अमृत कौर होत्या, डॉ. पंजाबराव देशमुख, हरिसिंग गौर होते. कॉलेज सोडलेला दादांसारखा माणूस राज्यघटना घडवणाऱ्या सभागृहात बसला. आणि बेचाळिसच्या चळवळीत उतरलेला त्याचा मुलगा, वडिलांच्या पिढीने बहिष्कार घातलेल्या न्यायालयाकडे कायदा शिकून निघाला. यात विसंगती नाही. न्यायालय बदलले होते, निदान ते कुणाच्या नावाने चालते ते बदलले होते. १९२० च्या ठरावाने न्यायालयापासून दूर नेलेली घरे पुढच्या पिढीत न्यायालयात परतली, हा या लेखाचा मुख्य मुद्दा धर्माधिकारींच्या घराइतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

१९५० आणि १९६० ची दशके : हानी आणि तगणे

या दोन दशकांचा आरंभ वैभवाचा होता. बोस सर्वोच्च न्यायालयात गेले. भुवनेश्वर प्रसाद सिन्हा आणि मग हिदायतुल्ला नागपूरला मुख्य न्यायाधीश झाले आणि दोघेही पुढे भारताचे सरन्यायाधीश. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि घुमटाखाली खंडपीठ उरले. नागपूरची राजधानी गेली, न्यायालयाचे मोठेपणही गेले. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला जी आश्वासने दिली त्यांत उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे होते आणि १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात ते उतरले. त्या कायद्याच्या ४१ व्या कलमात बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा हे जिल्हे आणि राजुरा अशी नावे एकेक करून दिलेली आहेत. करारातल्या इतर आश्वासनांचे काय झाले यावर विदर्भात अजून वाद होतो. हे एक मात्र कलमात नावानिशी बसले, म्हणून टिकले.

याच काळात मुधोळकरांचे घर पुन्हा येते. रघुनाथरावांचे चिरंजीव जनार्दन मुधोळकर नागपूरच्या न्यायासनावरून १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचले. ‘सकाळ’च्या खटल्यात, वर्तमानपत्राची किंमत आणि पाने सरकारने ठरवणे हा अभिव्यक्तीवर घाला आहे, असा निकाल लागला, तो त्यांनी लिहिलेला. मराठी वाचकाला तो जवळचा वाटावा. पण त्याहून मोठे काम १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात झाले. राज्यघटनेचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणे ही दुरुस्ती म्हणायची की घटनेचा एक भागच नव्याने लिहिणे, असा प्रश्न त्यांनी स्वतंत्र निकालपत्रात उभा केला. प्रश्नच, उत्तर त्यांनी दिले नाही. ते १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात आले. वडील सभागृहातले; मुलाने विचारले की सभागृहाच्या अधिकाराला हद्द कुठे. हे वडिलांविरुद्ध बंड नव्हते. सभागृहाचे बळ घरात पाहिलेल्या माणसालाच त्याची हद्द विचारण्याची गरज वाटली असावी, असा तर्क करता येतो. तर्कच, पुरावा नव्हे.

१९७० चे दशक : वर्ध्याचा मुलगा न्यायासनावर

चंद्रशेखर धर्माधिकारी १९७२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १ एप्रिल १९७४ ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि न्यायदंडाधिकारी जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालून निघून उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आले. डेप्युटी कमिशनरच्या एकाच टेबलावरून सुरू झालेला प्रवास तिथे कायद्याने संपला. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली. स्थानबद्धांना न्यायालयात दादच मागता येणार नाही, हे सरकारचे म्हणणे देशातल्या ज्या नऊ उच्च न्यायालयांनी नाकारले त्यांत मुंबई होते आणि नागपूर खंडपीठाचाही निकाल त्यात होता. न्या. धर्माधिकारींचे नाव या भूमिकेशी जोडले जाते ते योग्यच. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हे सारे निकाल उलटवले. एकटे न्या. खन्ना वेगळे राहिले.

इथे दुसरा आक्षेप घ्यायला हवा. सभागृहात बसून आलेला न्यायाधीश जनतेच्या अधिक जवळ असतो, असे म्हणणारे न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचे उदाहरण देतात आणि ते वजनदार आहे. वकील, केरळच्या १९५७ च्या मंत्रिमंडळातले मंत्री, मग उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. सर्वोच्च न्यायालयात कैद्यांना आणि गरिबांना त्यांच्याइतका आवाज फार थोड्यांनी दिला. मग आपल्याकडचा संकेत कोरडा आणि भित्रा नव्हे काय? उत्तर असे की कृष्ण अय्यर हा अपवाद मोठा आहे, पण अपवादावर व्यवस्था बेतता येत नाही. सभागृह सोडून न्यायासनावर बसलेल्याने प्रत्येक निकालात आपले जुने ऋण फेडले की टाळले, ही शंका पक्षकाराच्या मनात राहते. आणि न्याय मिळाला असे पक्षकाराला वाटणे हा न्यायाचाच भाग आहे. धर्माधिकारी सभागृहात गेले नाहीत तरी लोकांपासून तुटले नाहीत, कारण लोकांशी नाते सभागृहातूनच जडते असे नाही. त्यांचे ते बजाजवाडीत जडले होते.

१९८० ते २०१० : निवृत्तीनंतरचे न्यायासन

धर्माधिकारी नोव्हेंबर १९८९ मध्ये निवृत्त झाले. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद, वर्ध्यातल्या गांधी विचार परिषदेसारख्या संस्थांची धुरा आणि मराठी-हिंदी लेखन यांत ते रमले. पण निवृत्त न्यायाधीशाचे काम किती खोल जाऊ शकते हे पाहायचे तर डहाणूकडे वळावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद धर्माधिकारींकडे आले. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदर नामंजूर केले. औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. ३ जानेवारी २०१९ ला ते वारले तोवर, सुमारे बावीस वर्षे, हे काम त्यांच्याकडे होते. प्राधिकरणामुळे विकास अडला अशी तक्रार उद्योगांनी केली. चिकूच्या बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी त्याचाच आधार घेतला. कोणाचे बरोबर हे बंदराच्या पुढच्या इतिहासाने ठरेल. निवृत्तीनंतर सरकारने द्यावयाच्या पदाकडे डोळे लावून बसणाऱ्याला इतकी वर्षे असे नकार देता येत नाहीत, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते. त्यांचे चिरंजीव सत्यरंजन हेही मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

आणि इथेच सर्वांत टोकदार आक्षेप बसतो. भूमिका घरात वाटल्या गेल्या असे कौतुकाने म्हणायचे, म्हणजे घराणेशाहीलाच गोड नाव द्यायचे की काय? आक्षेप निम्मा मान्य करावा लागतो. पुस्तके, ओळखी, वरिष्ठाच्या चेंबरमध्ये मिळणारी जागा या गोष्टी घरातूनच येतात, आणि ज्याच्या घरात त्या नाहीत अशा आष्टी-कारंज्याच्या मुलाला नागपूरचा बार आजही लांब आहे. पण इथला वारसा खुर्चीचा नव्हता. घटना समितीतल्या दादांची खुर्ची मुलाला मिळू शकत नव्हती. मिळाला तो सभागृहाकडे बाहेरून पाहण्याचा सराव.

२०१० नंतर

नागपूरच्याच बारमधून आलेले शरद बोबडे २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्कावरील नऊ न्यायमूर्तींच्या पीठावर होते. १९७६ चा तो निकाल चुकीचा होता असे त्या पीठाने स्पष्ट नोंदवले. त्याच पीठावरच्या न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या वडिलांचा सहभाग असलेला निकाल मोडीत काढला, याची चर्चा तेव्हा खूप झाली. नागपूरने १९७५ मध्ये घेतलेली भूमिका बेचाळीस वर्षांनी बरोबर ठरली, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. बोबडे पुढे सरन्यायाधीश झाले.

त्यानंतरचे नाव भूषण गवई. वडील रा. सू. गवई विधान परिषदेचे दीर्घकाळ सदस्य, १९७८ ते १९८२ सभापती आणि नंतर राज्यपाल. मुलगा अमरावतीचा, नागपूर खंडपीठात वकिली केलेला, २००३ मध्ये उच्च न्यायालयात, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आणि मे ते नोव्हेंबर २०२५ सरन्यायाधीश. हे घर १९२० च्या बहिष्कारातून आलेले नव्हे. आंबेडकरी चळवळीतून आलेले, जिने न्यायालय आणि सभागृह यांपैकी काहीच सोडले नव्हते. तरी वाटणी तीच. जुलै २०२३ मध्ये राहुल गांधींचे बदनामीच्या खटल्यातील अपील त्यांच्यापुढे आले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी सांगितले की आपल्या वडिलांचे काँग्रेसशी निकटचे संबंध होते, भाऊ आजही राजकारणात आहे; कोणाची हरकत असेल तर आता सांगावी. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी हरकत नाही म्हटले, आणि सुनावणी पुढे चालू झाली.